धोत्र्याचा पाला आणि अर्धं भादरलेलं डोकं

अर्धं डोकं भादरून झालं, तेव्हा किसनने चहा मागितला.

त्र्याहत्तर साल. दुष्काळ सरला होता, काष्टीचा बैलबाजार पुन्हा भरू लागला होता. तिथे एका खोंडाने किसनच्या कपाळाला शिंग मारलं. मी नगरच्या एका इस्पितळात हाऊस सर्जन होते. म्हणजे नुकती डॉक्टर झालेली, सगळं तोंडपाठ असलेली. टॉर्च मारला. डावी बाहुली पुरती पसरलेली, उजेडाला जुमानत नव्हती.

मेंदूच्या तळाशी नसांच्या बारा जोड्या असतात. त्यातली तिसरी नस बाहुली आवळते, पापणी उचलते, डोळा फिरवते. डोक्यात रक्त साचलं की मेंदू खाली ढकलला जातो, ही नस चिरडते आणि बाहुली पसरते. त्यानंतर दाब येतो मेंदूच्या देठावर. श्वास तिथून चालतो. तेव्हा ताबडतोब कवटीला भोक पाडून रक्त काढायचं. मी आमच्या मुख्य सर्जन सरांना फोन केला आणि न्हाव्याला बोलावलं.

"च्या न्हाई तर पानी तरी द्या, बाई," किसन म्हणाला.

आता मी चमकले. देठावर दाब आलेला माणूस चहा मागत नाही, तो शुद्धीतच नसतो. पापणी बघितली, जागच्या जागी. बोट फिरवलं, डोळा बोटामागे फिरला. तीन कामांपैकी एकच बिघडलं होतं. हे सगळं आधी बघायचं असतं.

दाराशी त्याची बायको गयाबाई उभी होती.

"कपाळाला काय लावलं होतं?"

"समदी लावत्यात त्येच. धोत्र्याचा पाला वाटून. रस डोळ्यात गेला, लई चुरचुरलं ह्यांनला."

धोत्र्याच्या रसाने बाहुली पसरते. सर हात धूत होते, त्यांना सांगितलं.

"आणि धोत्रा नसला तर?"

"तर तो जाईल, सर."

"डोळ्यांच्या विभागातून पायलोकार्पिन आणा."

हे बाहुली आवळणारं औषध. चिरडलेल्या नसेची बाहुली त्याने आवळते, धोत्र्यापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. थेंब घातले. पाऊण तास आम्ही दोघं त्या डोळ्याकडे बघत बसलो. बाहुली ढिम्म हलली नाही. म्हणजे धोत्राच. मला रडूच आलं.

"ऑपरेशन रद्द. दर पंधरा मिनिटांनी नाडी बघा," सर म्हणाले. "आणि उरलेलं डोकं भादरून टाका. अर्धं बरं दिसत नाही."

पाचव्या दिवशी बाहुली पूर्ववत झाली. किसनला न्यायला वडील आले. गुळगुळीत डोक्याचा मुलगा बघून म्हातारा दारातच थबकला.

"आरं, मी जित्ता हाय की अजून!"

मग त्याने स्वतःची टोपी काढली आणि मुलाच्या डोक्यावर दाबून बसवली. मला मान वर करवेना.

तेव्हापासून न्हाव्याला बोलावण्याआधी मी दोन प्रश्न विचारते. कपाळाला काय लावलं होतं? आणि वडील आहेत ना?