फ्रीजरात राहिलेली कांडी

कोणाच्या घरचं खायचं नाही, हे तुम्ही तुमच्या मुलांना कधी सांगितलंत? नीट आठवून बघा. बहुतेक आईवडिलांनी ते शब्दांत सांगितलेलंच नसतं. नुसती हाक मारून मुलाला घरी नेलेलं असतं. मी हे गेल्या मे महिन्यात आमच्याच पडवीत पाहिलं.

शिरोड्याला आमच्या घरामागे रायवळ आंबा आहे आणि कुंपणाशी रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड. सुट्टीत वाडीतली मुलं आमच्याकडेच असतात. त्या दिवशी फळांच्या रसाच्या बर्फकांड्या करायचं ठरलं. आंबे पिळले. रातांबे फोडून गर साखरेत कोळला, चिमूटभर मीठ टाकलं. स्टीलच्या पेल्यात आधी आंब्याचा रस, तो फ्रीजमध्ये अर्धवट गोठला की मधोमध काठी रोवायची आणि वर लाल रातांबा ओतायचा. काठ्या म्हणून माडाच्या झावळीचे हीर, म्हणजे पात्यांच्या मधल्या काड्या. एकटा हीर वाकतो, म्हणून तीन-तीन एकत्र बांधावे लागतात. ते काम शेजारच्या मुलीने मागून घेतलं. चौथीतली मुलगी, वाडीतल्या एकमेव मुसलमान घरातली. तिच्या वडिलांचा मासळीचा व्यापार. तिने प्रत्येक जुडीला दोऱ्याची गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला.

काठ्या रोवून रातांबा ओतून झाला आणि लाईट गेली. उन्हाळ्यात ती गेली की परत कधी येईल याचा भरवसा नाही. मुलांची तोंडं उतरली.

"आमच्या फ्रीजराक जनरेटर आसा," शेजारची मुलगी म्हणाली. "थंय ठेवया."

"कांडीक बांगड्याचो वास येतलो गो," एक मुलगा म्हणाला.

"मगे तू ती भाताबरोबर खा."

सगळी हसली, तोही हसला. परातीत पेले मांडून आमची वरात तिच्या घरी गेली. तिच्या वडिलांनी सुरमई बाजूला सारली, तळ पुसला, पेले झाकणाच्या डब्यात ठेवले. वाडीतली मुलं अशी एकत्र तिच्या घरात त्याआधी कधी आली नव्हती. ती दारातच उभी होती, येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत.

दुसऱ्या सकाळी परात घेऊन ती एकटीच आली. ईदचा फ्रॉक घालून. पेले पाण्यात बुडवून तिने कांड्या सोडवल्या आणि आपल्या हाताने वाटायला घेतल्या. पहिली कांडी तिने त्या वास येईल म्हणणाऱ्या मुलाला दिली. सगळ्यांना मिळाल्यावर त्याने ती तोंडाशी नेली, तेवढ्यात त्याची आई बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी आली.

"चल रे, घराक चल."

"खाऊन येतंय."

"नको. ती ठेव थंय. तेंच्याकडे ठेवलेला आपल्याक चलना नाय."

ती हे ओरडून बोलली नाही. रोजच्या आवाजात बोलली. पडवीतल्या सर्वांत लहान मुलीने तिच्याकडे बघत विचारलं, "काकी, तुमी बांगडे खंयसून हाडतास? तेंच्याच फ्रीजरातले मां?"

काकी म्हणाली, "मासो आपण शिजवतो. ह्या कच्चा."

माझं लहानपण चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. अशा वेळी बोलायची वाक्यं मला पाठ आहेत आणि ती खरी आहेत, असं मी आजही मानते. मी ती बोलले. समतेबद्दल बोलले, माणुसकीबद्दल बोलले. काकीने मान खाली घातली आणि मुलाचा दंड धरला. पण बाकीच्या मुलांनीही हातातल्या कांड्या खाली केल्या. आतापर्यंत ते खाणं होतं. माझ्या बोलण्याने तो वाद झाला. लाल थेंब शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडू लागले. कांड्या वाटणारी मुलगी ते थेंब बघत होती.

"माका घराक जावक व्हया," ती म्हणाली.

मी बोलायचं थांबवलं आणि कांडी खाल्ली. लहानगीने खाल्ली आणि सगळ्यांना सांगितलं, "वास येना नाय." मग एकेकाने खायला सुरुवात केली. तो मुलगा आईबरोबर गेला, वळून बघत. त्याची कांडी शेजारच्या मुलीने परत पेल्यात घातली, दोन्ही हातांनी सरळ धरली आणि वितळायच्या आत घरी पळाली.

तो त्यानंतर पडवीत आला नाही.

काही दिवसांनी मी त्या मुलीच्या घरी मासळी आणायला गेले. तिच्या वडिलांनी फ्रीजर उघडला. बांगड्यांच्या पिशव्यांच्या तळाशी तो पेला होता, हीर वर आलेले, त्यावर तिची गाठ.

"फेकूक देना नाय," ते म्हणाले. "म्हणता, तो येतलो."

मग त्यांनी एक पिशवी बाहेर काढून ठेवली. काकीचे बांगडे होते. संध्याकाळी काका येऊन नेणार होते.

या उन्हाळ्यात तुमच्या वाडीतही कोणी मूल आपल्या घरचं काही घेऊन बाकीच्या मुलांत येईल. तेव्हा बेड्यापाशी उभं राहून आपल्या मुलाला हाक मारू नका. आत या. त्या मुलाकडे तुमच्यासाठीही थोडं मागा, आणि तुमच्या मुलासमोर ते संपेपर्यंत खा.