पाव ठोका मागे

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मी तुडीलला घरीच लॉक-इन अॅम्प्लिफायर जुळवत होतो. गोंगाटात बुडालेला क्षीण सिग्नल त्याच्या ठरलेल्या ठेक्यावरून ओळखून वेगळा काढणारं हे यंत्र. सोमवारी ते महाडला सरांपुढे चालवून दाखवायचं होतं आणि मीटरचा काटा काही शून्यावरून हलत नव्हता.

रविवारी सकाळी मी ठेक्याचा वेग डोळ्यांना दिसेल असा, सेकंदाला एक ठोका इतका कमी केला आणि दोन छोटे दिवे लावले, एक यंत्राच्या मूळ ठेक्याचा, दुसरा त्याच्याशी ताडून बघायच्या सिग्नलचा. बाबा चहा पीत बघत होते. त्यांची शाळा चौथीपर्यंत, पण शिमग्यात पालखीपुढे ढोल तेच वाजवतात.

"ह्यो दुसरा मागं पडतोय रे."

"नाय बाबा, दोघांचा वेग एकच हाय."

"वेग एकच, पण पाव ठोका मागं हाय. असा वाजवला तर लोक माझ्या हातातून ढोल काढून घेतील!"

त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी तसं वाजवूनच दाखवलं. गोंगाट गाळायला मी लावलेल्या फिल्टरमुळेच सिग्नलला उशीर होत होता. पाव ठोक्याचा फरक पडला की या यंत्राचं उत्तर शून्य येतं, हे मी परीक्षेत लिहिलंही होतं.

जुन्या रेडिओचं आवाज कमी-जास्त करायचं बटण जोडून, ते फिरवत मी मूळ ठेकाही तेवढाच मागे सरकवला. काटा वर चढला आणि तिथेच थांबला.

सोमवारी सगळं ऐकून सर म्हणाले, "अहवालातल्या आभारांत पहिलं नाव वडिलांचं लिही."

मी लिहिलं. बाबांनी ते पान सावकाश वाचलं आणि विचारलं, "आणि आयचं? चहा काय मी केलेला?"