पाय लागायच्या आधी

आमचे हे महाडच्या कॉलेजात खेळाचे मास्तर होते. कॉलेज तेव्हा नवंच होतं आणि बास्केटबॉल हा खेळ गावाला त्याहून नवा. दोन खांब, खांबांवर फळ्या, फळीला लोखंडी कडं आणि कड्याला जाळी. बाजाराला आलेले शेतकरी मैदानाच्या कडेला थांबून विचारायचे, "मास्तर, मासं धरायची जाळी एवढ्या उंचावर कशाला बांधली?"

पळणारी मुलं ह्यांच्याकडे पुष्कळ होती. बाजारपेठेतली, चपळ, चेंडू घेऊन मुंगसासारखी निसटणारी. पण जाळीखाली उभं राहायला उंच गडी लागतो. चेंडू फळीला लागून परत आला की वरच्या वर धरील, आणि समोरच्यांची गर्दी झाली तरी जागचा हलणार नाही, असा. तसा एकही नव्हता. बाहेरचे संघ यायचे, आमच्या मुलांच्या डोक्यावरून चेंडू काढून न्यायचे, आणि त्या दिवशी हे घरी येऊन अर्ध्या ताटावरून उठायचे.

मग ह्यांना उंच मुलांचा नादच लागला. लग्नाला गेले की नवरदेवाकडे बघायचं सोडून मांडवाला डोकं कोणाचं लागतंय ते बघायचे. एसटीत कोणी मान वाकवून उभा दिसला की त्याच्या थांब्याला उतरायचे. आमच्याकडची घरं बुटकी, दारं त्याहून बुटकी. म्हणून गावात शिरलं की ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्यात चौकट कोणाच्या कपाळाला लागते?" सासूबाई म्हणायच्या, "पोरीला स्थळ बघावं तसा हा फिरतोय."

तुडीलच्या बाजूचा एक मुलगा मिळाला. सावित्री नदीत पोहून खांदे रुंद झालेला. दुसरा बाजारातल्या वाण्याचा, उंचीला थोडा कमी, पण दोघांनी ढकललं तरी हलत नसे. आता मधला पाहिजे होता, सगळ्यांत उंच. पोलादपूरच्या एका मास्तरांनी सांगितलं, उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत तसा मुलगा आहे. मॅट्रिक होऊन घरची शेती बघतोय. बाप मुंबईला गिरणीत असतो.

हे मला म्हणाले, "तू चल."

"मी येऊन काय करू?"

"घरात बाई एकटी. मी परका पुरुष तिच्या ओटीवर बसून काय बोलणार? तुलाच बोलायला हवं."

माझी शाळा चौथीपर्यंत झालेली. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडायची, आणि त्या कोरडीला पाणी मागायचीही लाज वाटायची. तरी गेले. पाऊस तोंडावर आला होता. चढ चढताना बोलायचं काय ते मनात घोकत होते, आणि वर पोचल्यावर त्यातलं एक वाक्य आठवेना.

वाडीत सगळीकडे घरं शाकारायची घाई चालली होती. एका घराच्या छपरावर तो मुलगा पाय फाकून उभा होता आणि खाली त्याची आई पेंढ्या वर फेकत होती. पेंढी कशीही जावो, डावीकडे, उजवीकडे, डोक्यामागे, तो दोन्ही हात उंच करून ती धरायचा आणि वाकून छपरावर बसवायचा. हे वाटेवरच्या आंब्याखाली थांबले ते थांबलेच. हळूच मला म्हणाले, "हात बघितलेस त्याचे? जा आता."

मी अंगणात गेले. बाईनं विचारलं, "कोन गो तू?" मी पदर खोचला आणि ढिगातली पेंढी उचलून तिच्या हातात दिली. तिनं ती वर फेकली. मी दुसरी दिली. बरंच छप्पर तसंच शाकारून झालं. मग तीच हसून म्हणाली, "मुकी हायेस काय?"

काम चालू असलं की बोलणं सोपं जातं. मी महाडची, आंब्याखाली उभे आहेत ते माझे मालक, तुमचा मुलगा कॉलेजला द्या, असं सगळं सांगितलं. खेळाचंही सांगितलं.

"शिकून पोट भरतंय ता मला ठावं हाय," ती म्हणाली. "चेंडूनं काय भरतंय?"

"ते मलाही नीट ठाऊक नाही," मी म्हटलं. "पण राहायला आमची पडवी आहे, आणि जेवायला मी वाढीन."

"किती खातो, ठावं हाय?"

"वाढून बघते."

त्यावर छपरावरून मुलगाही हसला. आई मात्र पेंढी हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "ह्याचा बापूस माघात येतोय, ह्याला गिरणीत लावायला न्यायला. तवर ने तू. पोरानं काय करून दाखवलं तर बापूस ऐकल. नाय दाखवलं तर पोर मुंबैला गेलाच. येक मानूस मुंबैला दिला मी, गो. वर्सातनं दोनदा दिसतोय. ह्यो तरी हितं दिसूं दे."

मी 'हो' म्हटलं. ह्यांना मी विचारलं नव्हतं, ह्यांनी सांगितलं नव्हतं, पण मी शब्द देऊन बसले.

मुलगा आमच्या पडवीत आला. दाराला डोकं आपटू नये म्हणून सासूबाईंनी चौकटीला जुन्या लुगड्याची घडी बांधली. पावसात मैदानाचं तळं व्हायचं, तेव्हा हे तिघा उंच मुलांना कॉलेजच्या लांब व्हरांड्यात चेंडू द्यायला-घ्यायला शिकवायचे. आमच्या परसातल्या फणसाला ह्यांनी दोरीनं करवंटी टांगली होती. मुलानं उडी मारून तिला हात लावला की दोरी थोडी आखडून घ्यायची. करवंटी वर वर जात राहिली आणि गणपतीपर्यंत मला ती शिडीशिवाय काढता येईना. तांदळाच्या भाकरी, नदीचे मासे, कुळथाचं पिठलं, जे करीन ते तो मान खाली घालून खायचा. बाजारातली मुलं त्याला "ओ बांबू" म्हणून चिडवायची. तो रागावत नसे. सरांसमोर "व्हय" आणि माझ्यासमोर "बास वैनी," एवढंच त्याचं बोलणं. घरात आम्ही दोघं लाजाळू. एकमेकांना वाढण्याघेण्यात आमचं बरं चाललं होतं.

दिवाळीनंतर घाटावरचा एक संघ खेळायला आला. मैदानाच्या मागच्या बाजूला रचलेल्या दगडांचा एक बुटका गडगा होता. बायका मैदानात जात नसत, म्हणून मी गडग्याआड उभी राहून बघत होते. शिट्टी झाली. चेंडू फळीवर आदळला, आमच्या मुलानं हात वर केले, आणि त्याच वेळी त्याचा पाय समोरच्या मुलाच्या पायाला लागला. झालं! त्यानं वर केलेले हात खाली आणले, वाकून त्या मुलाला हात लावला आणि तो आपल्या छातीला टेकवला. तेवढ्यात चेंडू त्याच्या वाकलेल्या पाठीवरून तिकडच्याच हातात गेला आणि जाळीत पडला.

आपल्याकडे कोणाला पाय लागला की नमस्कार करतात, त्यात वाईट काही नाही. पण जाळीखाली पाय सारखेच लागतात. मुलगा सारखाच वाकत होता. लोक हसून हसून लोळायला आले. कोणी ओरडलं, "अरे, आता ओवाळ त्येला!" सामना गेला.

हे घरी येऊन त्याच्यावर खूप ओरडले. "खेळ आहे तो! तिथं पाय लागणारच!"

"व्हय सर. पन हात आपसूक जातो."

"जाऊ द्यायचा नाही."

मग तो पाय लागूच नये म्हणून सगळ्यांपासून दूर उभा राहायला लागला. जाळीखाली त्याची जागा रिकामी. वाण्याचा मुलगा आणि तुडीलवाला दोघंच किती पुरणार? ह्यांनी पुष्कळ उपाय केले. पण लहानपणापासून आईनं लावलेलं वळण शिट्टीनं कसं मोडणार? माघ आला. मुंबईहून बाप आल्याचा निरोप वाडीवरून आला. येत्या रविवारी तो मुलाच्या आईला घेऊन महाडला उतरणार होता. त्याच दिवशी तो घाटावरचा संघ पुन्हा येणार होता, आणि सामना संपल्यावर मुंबईच्या एसटीत बाप मुलाला घालणार होता.

रविवारी सकाळी मी चूल पेटवायला उठले. उठताना भुईवर पाय टाकण्याआधी मी तिला हात लावून कपाळाला लावते. माझ्या वडिलांनी शिकवलेलं. दिवसभर तिला तुडवायचं, तर आधी तिला सांगून ठेवायचं. पडवीतून जाताना बघितलं तर मुलगाही कांबळीवर उठून बसला होता आणि भुईला नमस्कार करत होता. मी जागच्या जागी थांबले.

न्याहारीला भाकरी वाढताना मी त्याच्याशी बोलले. इतक्या महिन्यांत जेवणाखेरीज पहिल्यांदाच.

"सकाळी भुईला नमस्कार कशाला करतोस?"

"दिवसभर पाय देनार ना तिच्यावर."

"मग दिवसभर पावला-पावलाला वाकतोस काय?"

त्याचा घास हातातच राहिला. माझ्याकडे बघितलं, भाकरीकडे बघितलं, आणि मोठ्यानं हसला. ह्यांनी आतून विचारलं, "काय झालं?" आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

दुपारी गडग्याआड माझ्या शेजारी त्याची आई होती. बाप मैदानात, पुढच्या रांगेत, मुंबईचा पांढरा सदरा घालून. पायाशी मुलाची वळकटी बांधून ठेवलेली. आई कुजबुजली, "जाळीला बूड नाय गो. मंग भरायची कवा?"

शिट्टीच्या आधी आमचा मुलगा एकटाच पलीकडे चालत गेला. त्यांच्या पाचही खेळाडूंच्या पायांना एकेक करून हात लावला. ते बिचारे मागे सरकायला लागले. एक जण म्हणाला, "अरे, अरे, मी तुझ्याहून लहान आहे!" दुसऱ्यानं हात वर करून आशीर्वाद दिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाप इकडे तिकडे बघून नाक पुसायला लागला. ह्यांनी कपाळाला हात लावला.

"ह्यो काय करतोय गो?" आईनं विचारलं.

"सांगून ठेवतोय," मी म्हटलं.

आणि मग तो खेळला. देवाशपथ, काय खेळला! पाय लागले, गुडघे लागले, कोपरं लागली, तो एकदाही वाकला नाही. चेंडू फळीवरून आला की त्याचे दोन्ही हात छपरावर जायचे तसे वर जायचे आणि चेंडू पेंढीसारखा त्यात येऊन बसायचा. वाण्याचा मुलगा एका बाजूला बुरुजासारखा, तुडीलवाला दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हा. ज्या मुलांनी आमच्या डोक्यावरून चेंडू नेले होते, ती आता माना वर करून बघत होती. "ओ बांबू" म्हणणारेच ओरडत होते, "बांबू, घे! बांबू, टाक!" शेजारी आई दर वेळी माझा दंड आवळायची. निळा झाला असेल, मला कळलं नाही.

शेवटी शेवटी दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. चेंडू वर गेला, सगळे जाळीखाली दाटले. त्यांच्यातल्या सगळ्यांत उंच मुलाचा पाय आमच्या मुलाला लागला. आणि तो मुलगा, ज्याला शिट्टीआधी नमस्कार मिळाला होता, तो चटकन वाकला! तोही शेवटी आपल्यातलाच. आईच्या हाताखाली वाढलेला. त्याच्या पाठीवरून आमच्या मुलानं चेंडू घेतला, उडी मारली, आणि परसातली करवंटी जेवढी उंच होती तेवढा हात वर नेऊन चेंडू सोडला. जाळी हलली आणि शिट्टी झाली.

मी गडगा ओलांडून कधी आत गेले ते मला सांगता येणार नाही. मी मैदानात होते, आई मैदानात होती, सासूबाईंनी शिकवलेली लाज कुठं गेली होती कोण जाणे. मुलांनी ह्यांना खांद्यावर घेतलं होतं. हे वरूनच विचारत होते, "त्याला कोणी शिकवलं हे?" मुलगा माझ्याकडे बघून खाली बघत होता. तो हरलेला उंच मुलगा येऊन त्याच्या गळ्यात पडला. म्हणाला, "पुढच्या खेपेला मी आधी पाया पडणार."

गर्दी पांगली. बापानं वळकटी उचलून काखेत मारली. "एसटीचा टाईम झाला," तो म्हणाला. आईनं माझा दंड पुन्हा धरला. मुलगा वहाणा घालायला लागला.

"तू कुटं?" बाप म्हणाला. "पुढचा गेम कवा हाय रे?"

"पुढल्या महिन्यात."

"कळव मला. रजा टाकतो." मग त्यानं वळकटी माझ्या हातात दिली. "वैनी, ही तुमच्या पडवीत ऱ्हाऊं दे. मुंबैत येवढ्या लांब पोराला निजायला खोली तरी कुटं गावायची?"

बापाला घेऊन एसटी गेली. आई रात्रीपुरती आमच्याकडे राहिली. मी मुलाला भाकऱ्या वाढत होते आणि ती समोर बसून बघत होती. तिसऱ्या भाकरीला म्हणाली, "मी सांगितलां होता ना गो?"

"म्हणून तर पीठ जास्त मळलंय," मी म्हटलं आणि तव्यावर चौथी टाकली.