चार अर्जांची पोच

इस्त्रीवाली हे नाव तिला वसाहतीनं दिलं होतं आणि तिला ते मुळीच आवडत नसे. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, तीही एवढी पातळ की तिनं इस्त्री टेकवली तरी मला ऐकू यायचं. नवरा फौजेत साधा शिपाई, दंडावर हुद्द्याची अजून एकही फीत नाही. घरात सासू आणि दोन मुली. पगार झाला की पंधरा दिवस त्या घरात हसणंबोलणं असे, मग सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येत. म्हणून ती बराकीतल्या बिनलग्नाच्या शिपायांचे गणवेश इस्त्री करून द्यायची. बाहीची घडी अशी बसवायची, की पोरं म्हणत, वहिनी, सलाम ठोकताना कान कापला जाईल.

नवरा सीमेवर गेला तेव्हा जाताना त्यानं तिला एवढंच बजावलं, की कचेरीत कागद दिला की पोच घ्यायची. आपल्याजवळच्या नकलेवर शिक्का आणि तारीख. पोच नसेल तर कागद दिलाच नाही असं समजायचं.

शिपाई सीमेवर गेला की मागे राहिलेल्या कुटुंबाला वेगळा भत्ता मिळतो. त्याचा अर्ज बायकोनं वसाहतीच्या कचेरीत द्यायचा असतो. तिथे तीन फितींचा एक कारकून बसे. त्याच्या घरी पाहुणे यायचे असले की त्याची बायको धाकट्या शिपायांच्या बायकांना बोलावणं धाडायची. बोलावणं म्हणजे भांडी आणि फरशी. कुणी नाही म्हणत नसे, कारण सगळ्यांचे कागद त्याच टेबलावरून जात. मीही जाऊन आले आहे. इस्त्रीवाली दोनदा गेली. तिसऱ्यांदा धाकटी तापानं फणफणली होती, म्हणून तिनं निरोप पाठवला की आज जमायचं नाही. दुसऱ्या दिवशी कारकुनाची बायको नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "दंड मोकळा, आणि नाक बघा केवढं वर."

त्यानंतर तिचा अर्ज हरवला.

ती विचारायला गेली तर कारकून हसून म्हणाला, वहिनी, असा अर्ज आलाच नाही, नवीन द्या. तिनं नवीन दिला. दीड महिन्यानं तोही सापडेना. तिसऱ्याच्या वेळी लग्नाचा दाखला जोडलेला नव्हता, म्हणून तो नोंदलाच नाही म्हणे. तिनं स्वतःच्या हातानं टाचला होता. चौथा दिला, त्याचंही तेच. दर वेळी ती नक्कल पुढे सरकवायची आणि कारकून त्या नकलेवर शिक्का मारायचा. वीस वर्षं त्या खुर्चीत बसून त्याचा हात असा झाला होता, की पुढे कागद आला की शिक्का पडलाच पाहिजे. काय करतोय हे त्याच्या डोक्यापर्यंत पोहोचतच नसावं.

असे आठ महिने गेले. थोरलीच्या बुटात पुठ्ठा आला. दूध एकट्या धाकटीपुरतं उरलं. आणि सासूनं कुणालाही न सांगता रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. सून रोज विचारायची, आई, गोळी घेतली? सासू म्हणायची, घेतली गं बाई. एका सकाळी म्हातारी कपबशी घेऊन उठली ती तशीच दाराशी बसली. वाचली, पण तोंड डावीकडे ओढलं गेलं ते तसंच राहिलं. उशीखाली उरलेल्या गोळ्या सापडल्या तेव्हा मी तिथेच होते. इस्त्रीवाली रडली नाही. तिनं गोळ्या डबीत भरल्या, डबीचं झाकण लावलं आणि मला म्हणाली, "ह्याला मी सोडणार नाही." मी म्हटलं, देव बघतो आहे. ती म्हणाली, "बघू दे. बघण्याशिवाय त्याला काही करायचं नसेल, तर बाकीचं मी करते."

मी मनातल्या मनात हात जोडले. कुणासाठी ते मला तेव्हाही कळलं नाही.

वर्षातून एकदा मोठे साहेब येत. मैदानात खुर्च्या मांडत, पुढे अधिकाऱ्यांच्या बायका, मागे आम्ही. भाषण संपलं की साहेब विचारत, कुणाला काही अडचण? आणि आम्ही सगळ्या एका सुरात म्हणत असू, नाही साहेब. हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, हे नव्या नवरीलाही पहिल्याच वर्षी कळतं. मग चहा.

त्या वर्षी आमचं 'नाही साहेब' म्हणून झालं, आणि ती उभी राहिली.

"मला आहे, साहेब."

साहेबांनी आधीच पाऊल उचललं होतं, ते त्यांना परत ठेवावं लागलं. ती खुर्च्यांमधून पुढे गेली आणि चार नकला त्यांच्या हातात दिल्या. चार तारखा, चार शिक्के. शांतपणे म्हणाली, ह्यातला एकही अर्ज कचेरीत नोंदलेला नाही असं मला सांगतात, मग शिक्का कुणाच्या घरचा? मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. कारकून कनातीपाशी उभा होता. त्याचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला.

चौकशी लागली. नवऱ्याचा फोन आला, तो तिनं माझ्याच ओट्यावर बसून घेतला. तो काकुळतीला आला होता. अगं, मिटव, माझी रजा त्याच्याच टेबलावरून जाते. ती म्हणाली, "मग रजा नको. तो आधी टेबलावरून जाऊ दे."

तीन दिवसांनी कारकून स्वतः तिच्या दारात आला, हातात सफरचंदांची पिशवी. मीही बाहेर आले. त्यानं एक कागद लिहूनच आणला होता. अर्ज मागच्याच महिन्यात दिला, आधीच्या नकलांबद्दल माझा गैरसमज झाला, एवढ्यावर तिची सही हवी होती. सही झाली की दोन दिवसांत आठही महिन्यांचा भत्ता खात्यात. नाही तर चौकशी संपेपर्यंत पैसे अडकणार, तीन महिने, चारसुद्धा. हे त्यानं धमकी म्हणून सांगितलं नाही, आणि ते खरंही होतं. घरात त्या दिवशी काय शिजलं होतं ते मला ठाऊक होतं. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, कर सही.

तिनं आत हाक मारली. "आई, जरा बाहेर या. भाऊजी आलेत."

म्हातारी भिंत धरत आली. तिला बिचारीला काय माहीत. तिनं वाकड्या तोंडानं विचारलं, चहा घेणार का, आणि शब्दाबरोबर ओठाच्या कडेनं लाळ आली ती पदरानं टिपली. कारकून खाली बघायला लागला.

"खाली नका बघू," इस्त्रीवाली म्हणाली. "हे तोंड सरळ करून द्या. इथल्या इथे सही करते."

तो पिशवी ठेवून निघाला, तर तिनं ती उचलून त्याच्या हातात दिली. दोन्ही मुली ती पिशवी वळणापर्यंत बघत होत्या.

चौकशी साडेतीन महिने चालली. थोरलीनं शाळेची सहल सोडली आणि रात्रंदिवस गणवेश येत राहिले. शेवटी भत्ता आला, आणि कारकुनाच्या दंडावरची एक फीत उतरली. बदली दूरवर, मोठं घर आठ दिवसांत रिकामं करायचं. नवऱ्याची रजा मात्र मधल्या मध्ये गेली. तो त्या वर्षी आलाच नाही.

कारकुनाचं सामान ट्रकवर चढवायचा दिवस उजाडला. तिनं सकाळीच इस्त्री बंद केली आणि दारात उभी राहिली. उन्हाची वेळ. कारकुनाची बायको खोक्यावर बसून घाम पुसत होती. मी इस्त्रीवालीला म्हटलं, तांब्याभर पाणी तरी देऊ या, शेजारधर्म आहे. ती म्हणाली, तुम्ही द्या, तुमचं देवाशी बरं आहे. मी पाणी देऊन आले. त्या बाईनं ते माझ्याकडे न बघता प्यायलं.

आतून म्हातारी अडखळत म्हणाली, "पुरे गं आता. आत ये. बरं दिसत नाही."

"थांबा आई," ती नजर न हलवता म्हणाली. "अजून त्यांचा पलंग चढायचाय."