उजव्या हाताची कोरी ओळ

गुरू खास चीज पोटच्या पोरासाठी राखून ठेवतो, हे मला लहानपणीच कळलं होतं. माझ्या पेटीच्या मास्तरांनी एका बंदिशीचा अंतरा मला कधीच दिला नाही; स्वतःच्या मुलीला मात्र दिला. त्या न मिळालेल्या अंतऱ्याच्या जोरावर मी पुढे आयुष्यभर गुरूंच्या लबाड्यांची जाणकार म्हणून मिरवले. आता हसू येतं, पण तेव्हा हॉलंडमध्ये, आइंडहोवनला राहणारी चाळिशीची मी भलतीच गंभीर होते.

आमची लेक तेव्हा जवळच्या चर्चमधल्या वादकाकडे ऑर्गन शिकायला जायची. त्याचा मुलगाही त्याच्याकडेच शिकत होता. एकदा तिच्या दप्तरातला सरावाचा कागद मी पाहिला. डाव्या हाताचे सूर, त्यांखाली आकडे, आणि उजव्या हाताची ओळ कोरी.

"बाकीचं कुठंय?"

"नसतंच, आई," लेक डचमध्ये म्हणाली. "आकड्यांवरून आपण शोधायचं. जुन्या काळी मुलं असंच शिकायची."

नसतंच म्हणे! मग तिनं सरांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. तीनशे वर्षांपूर्वीचा एक जर्मन मुलगा. आईबाप लहानपणीच गेले, थोरल्या भावानं सांभाळलं, वाजवायला शिकवलं. पण चांगल्या रचनांची वही भाऊ कपाटात बंद ठेवायचा. पोरगं पुढे मोठा संगीतकार झालं.

"बघ!" मी म्हटलं. "सख्खा भाऊ लपवतो, हा तर परका. शनिवारपासून क्लास बंद."

लेक रडत खोलीत गेली. ह्यांनी पेपरातून डोकं काढलं. "अगं, डच माणूस आहे तो. तुझी नवी साडी पडद्यासारखी दिसते, हेसुद्धा त्यांच्या पोटात राहत नाही. चीज कसली राहतेय?"

ह्यांचं मी कधी ऐकलंय? पुरावा हवा होता. बुधवारी दुपारी सरांच्या मुलाची शिकवणी असायची. मी चर्चमध्ये जाऊन खांबाआड बसले. लाल भडक रेनकोट घालून! हेरगिरीची अक्कल ही एवढी.

वरच्या सज्जात मुलगा वाजवत होता. मध्येच अडकला.

"बाबा, दाखव ना."

"नाही. शोध."

मुलानं पाय आपटले, रडका सूर लावला. बाप ढिम्म. मी चक्रावले. हा पोटच्या पोरालाही देत नाही? म्हणजे माझ्या मास्तरांच्याही वरताण!

"लाल कोटवाल्या बाई," वरून हाक आली, "वर या, तिथून काही दिसणार नाही."

चोरासारखी जिना चढले. कागद तोच, ओळ तशीच कोरी. मी तो उलटून पाहिला, उजेडात धरून पाहिला.

"पूर्ण प्रत तुमच्याकडे असेलच," मी माझ्या मोडक्या डचमध्ये विचारलं.

तो बाकावर बसला आणि तोच कागद समोर ठेवून वाजवू लागला. संपल्यावर पुन्हा वाजवलं. डावा हात तोच, उजवा मात्र पार वेगळाच. दोन्ही इतकं सुंदर की मला कोटाची बटणं काढायचंही भान राहिलं नाही.

"यातली कुठली प्रत हवी?" त्यानं विचारलं.

घरी लेक दारातच उभी होती, डोळे सुजलेले. "खरंच बंद, आई?"

"बंद कशाला? जा शनिवारी," मी म्हटलं. "पण तो तिसऱ्यांदा काय वाजवतो, त्याच्यावर नीट लक्ष ठेव."