सुनंदाचा धडा

राज्याच्या चौथीच्या मराठी पुस्तकासाठी आलेले धडे तपासायला आम्ही सहा शिक्षक बसलो होतो. धड्यांवर लेखकाचं नाव नसतं. समोरच्या देसाईबाई एक धडा वाचताना हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागल्या.

तो माझ्याकडे आला आणि दुसऱ्याच ओळीला मी ओळखलं. ही सुनंदा, माझी डी.एड.ची मैत्रीण. बाई उशिरा येतात आणि मुलंच त्यांची हजेरी घेतात, एवढीच गोष्ट. माझा धडा मागे ‘उपदेश फार’ म्हणून परत आला होता. मी चुका शोधत राहिले. एक वेलांटी सापडली.

“तुमचं मत?” अध्यक्षांनी विचारलं.

“भाषा जरा सैल वाटते.”

“सैल?” देसाईबाई म्हणाल्या, “अहो, मुलं अशीच बोलतात!”

मी खाली मान घालून ‘मान्य’ लिहिलं. परक्याचं कौतुक सहज सोसतं. जिच्या डब्यातलं आपण खाल्लं, तिचं सोसत नाही.

मी चौथीलाच शिकवते. आता दरवर्षी हा धडा मीच वाचून दाखवणार आणि माझी मुलं तिच्या वाक्यांना हसणार. बहुतेक मीही हसेन, आणि तेच मला सहन होत नाही.