हेडफोन उलटा करून पाहिला होता

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा या गोष्टीच्या बाजूनं निघून जातो — रस्त्यात ओळखीचा माणूस टाळावा तसा.

तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखाल? सौंसरला बसस्टँडजवळ मोबाइलची दुकानं आहेत, त्यातलं एक माझं. विनोदचं दुकान म्हणतात. ओळखलं तर ओळखा.

धंद्यात मला सतरा वर्षं झाली. अलीकडे लोक एक तक्रार घेऊन येतात — गाणं डोक्याभोवती फिरत नाही. स्पेशियल ऑडिओ म्हणतात त्याला. तबला मागून यावा, बासरी उजवीकडून, आपण मधोमध बसल्यासारखं वाटावं, असं ते असतं. पण फोन एका कंपनीचा आणि हेडफोन दुसरीचा असला की बरेचदा ते जमत नाही. गाणं वाजतं, पण सपाट वाजतं. मग मी सांगतो, "यांचं एकमेकांशी पटत नाही, कंपॅटिबल नाही." गिऱ्हाईक मान डोलावतं. हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलेलं आहे — म्हणून त्या दिवशी सहज निघून गेलं का? नाही. सहज नाही निघालं. मी आधी थांबलो होतो. ते थांबणं मला अजून आठवतं.

देवराव भाऊजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पांढुर्ण्याला शाळेत गणित शिकवतात. माणूस चोख, बोलणं त्याहून चोख. त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी पुण्याला नोकरी करते. तिनं वडिलांसाठी ऑनलाइन हेडफोन मागवला आणि घरच्या पत्त्यावर पाठवला. फोन मात्र त्यांनी माझ्याकडून घेतलेला. हेडफोन आला त्याच दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. मी म्हटलं, "भाऊजी, मले सांगतले असते त मीच आणून दिला असता." तर ते सगळ्या पंगतीसमोर म्हणाले, "ऑनलाइनच बरं बापा. तिथं समोर बसून खोटं सांगाले कोणी नसते."

सगळे हसले. ताईसुद्धा हसली. मीही हसलो. काय करणार? पण पुढची पोळी मी नको म्हटली.

महिन्याभरानं, एका रविवारी दुपारी, भाऊजी सौंसरला आले. कोणाकडे तेरवीचं जेवण होतं. तिथून सरळ दुकानात. काउंटरवर हेडफोन ठेवला.

"विनोद, हे पाह्य बरं. महिनाभर गाणं कसं डोक्याभोवती फिरे. परवापासून फिरूनच नाही राहिलं. उजवीकडंच अडकून पडते."

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, त्यांच्याच फोनवरून तपासायचा आवाज सुरू केला. त्यात एक भुंगा डोक्याभोवती फिरतो. डावीकडून निघाला, मागून गेला, उजवीकडून पुढे आला. पूर्ण गोल. कुठं खरखर नाही, कुठं तुटणं नाही.

पुन्हा त्यांच्या कानाला लावला. त्यांनी मान हलवली — नाही. मग मी या धंद्यातला कोणीही करतो तेच केलं. हेडफोन उलटा केला. डावी बाजू उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. बिघाड हेडफोनमध्ये असला तर बंद बाजू दुसरीकडे जायला पाहिजे.

"आता?"

"आताही डाव्या बाजूले काहीच नाही."

समजलं तुम्हाला? मलाही समजलं. तिथंच, त्याच क्षणी. बिघाड हेडफोनमध्ये नव्हता, फोनमध्ये नव्हता. भाऊजींना डाव्या कानानं ऐकूच येत नव्हतं. आणि न पटणाऱ्या हेडफोनमध्ये गाणं सपाट वाजतं, अर्धं गायब होत नाही — हेही मला माहीत होतं.

भाऊजी हसत म्हणाले, "कान त नाही गेला ना बे माहा? परवा सकाळी उठलो त दडे बसल्यासारखं वाटून राहिलं. सर्दी असन."

इथं मी थांबलो.

किती वेळ? हेडफोन मिटून काउंटरवर ठेवायला लागतो तेवढा. तेवढ्यात मनात काय होतं — खरं सांगू? त्यांचा कान नव्हता मनात. ती पंगत होती. गिऱ्हाइकं बघत होती, आणि मला या माणसाच्या तोंडून, चार लोकांत, एकदा ऐकायचं होतं.

"कानाले काय होते भाऊजी? ऑनलाइनचा माल. याचं तुमच्या फोनशी पटतच नाही."

"पण महिनाभर त चालला."

"फोनमध्ये अपडेट आलं असन. दुसऱ्या कंपनीचा हेडफोन बंद करतेत ते लोकं."

किती पटकन सुचलं! भाऊजींनी हेडफोन पिशवीत टाकला. मग म्हणाले, "म्हणजे तुह्याकडूनच घ्याले पाहिजे होता."

तेच ऐकायचं होतं. ऐकलं. आणि गोड लागलं — इथं तरी खोटं कशाला बोलू? त्यांनी माझ्याकडून दुसरा हेडफोन घेतला आणि पांढुर्ण्याची बस पकडली.

आठवड्यानं त्यांचा फोन. यातही आवाज फिरत नाही. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? भाऊजी, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या, एवढंच. पण एवढं म्हटलं असतं तर त्या दिवशीचं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "नवीन अपडेट येऊन राहिलं, थोडं थांबा." गणिताचा मास्तर, पण या बाबतीत त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला. ते थांबले.

दीड महिना थांबले.

मग ताईच्या लक्षात आलं. ती डावीकडून हाक मारायची आणि ते उजवीकडे बघायचे. वर्गात पोरं हसायला लागली — कोण बोललं ते सरांना कळत नाही, सर भलत्याच पोराला उभं करतात. ताईनं त्यांना नागपूरला नेलं. सोबत मला घेतलं. मी गेलो. नाही कसं म्हणणार?

डॉक्टरांनी तपासणी केली, कागदावरचा आलेख दाखवला. डाव्या कानाची रेघ खाली गेलेली. कारण सांगता येत नाही, म्हणाले, कधी कधी असं एकाएकी होतं. मग विचारलं, "लगेच का नाही आलात? पहिल्या आठ-दहा दिवसांत आला असता तर औषधाला वाव असतो. काहींचा कान परत येतो."

भाऊजी म्हणाले, "सर, हेडफोनचा प्रॉब्लेम वाटला. आमचे साळे त्याच लाइनमधले आहेत. त्यांनी तपासून सांगितलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहत राहिलो. भाऊजींनी हे मला दोष द्यायला नव्हतं सांगितलं. आपल्या माणसाची बाजू घ्यावी तसं सांगितलं होतं.

काहींचा येतो, काहींचा नाही. त्यांचा आला असता की नाही, कोण सांगणार? या वाक्याच्या आडोशाला मी पुष्कळ दिवस बसलो. तो आडोसा माझा नाही.

परतीच्या गाडीत ताईनं पल्लवीला फोन लावला. "तुह्या त्या डबड्यानं बाबाचा कान नेला," म्हणाली आणि रडायला लागली. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी समोर बसलो होतो. ताईला पाण्याची बाटली मागं दिली.

इथवरचं कदाचित भित्रेपणात बसतं. पुढचं कशात बसतं, मला माहीत नाही.

पुढच्या सुटीत पल्लवी आली. एकटी माझ्या दुकानात आली. वाळली होती. काउंटरच्या पलीकडे उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "मामा, एक विचारू? बाबा त्या दिवशी आले तेव्हा तुम्ही हेडफोन पाहिला होता ना — आवाज फार मोठा ठेवला होता का त्यांनी? मीच सांगितलं होतं त्यांना, मोठ्यानं ऐका, मजा येते."

तिचे डोळे माझ्यावर होते. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग काय झालं होतं, मामा?

मी म्हटलं, "होता थोडा."

तिनं मान डोलावली. "मला वाटलंच," म्हणाली. तोंडाला ओढणी बांधली, गाडी सुरू केली आणि गेली. आता ती रोज पुण्याहून फोन करते, बाबांना उजव्या कानाबद्दल विचारते, आणि दरवेळी शेवटी माफी मागते. ताई सांगते मला.

आवाज निम्म्यावर होता. मी पाहिला होता.